मानवतचा ‘म’ आणि चौसष्ट चिन्हं

मानवतच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात एक ई-मेल छापून घेतला. मजकूर स्वच्छ मराठीत उमटला, विषयाच्या ओळीत मात्र रोमन अक्षरं आणि आकड्यांची सलग माळ आली. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, फाइल करप्ट झाली वाटतं.”

कागद घरी आणून पाहत बसलो. आकडा चार, मोठा के, मोठा एस आणि मग एक वेगळं चिन्ह. पुन्हा चार-के-एस आणि दुसरं वेगळं चिन्ह. पहिल्या पाच चौकड्यांच्या शेवटी होते लहान यू, अधिकची खूण, लहान ओ, आकडा एक आणि लहान के. म, काना, न, व, त. मानवत! काहीही करप्ट झालेलं नव्हतं. गावाचं नाव प्रवासाच्या कपड्यांत आलं होतं, एवढंच. हे कपडे शिवले कोणी, हे शोधत गेलो आणि ‘यूयूएनकोड’पाशी पोचलो.

यूयू म्हणजे युनिक्स-टू-युनिक्स. युनिक्सच्या दोन यंत्रांनी टेलिफोनवरून एकमेकांना फाइली पाठवायच्या, ही सोय बेल लॅब्जच्या माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकात केली. १९८०मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएनकोड लिहिलं. अडचण अशी होती, की ई-मेलचं टपाल फक्त साध्या रोमन मजकुरासाठी, सात बिटांच्या अक्षरांसाठी बांधलेलं. आणि चित्र किंवा प्रोग्राम आठ बिटांच्या बाइटमध्ये. वाटेत आठवा बिट गळाला की फाइलीचा चुरा.

आमच्या भागातल्या माणसाला हे लगेच पटेल. मानवत रोड स्टेशनावरून जाणारी लाइन पूर्वी मीटरगेज होती आणि मनमाडहून मुंबईकडे ब्रॉडगेज. मीटरगेजची वाघीण त्या रुळांवर चढूच शकत नसे. माल उतरवायचा, दुसऱ्या वाघिणीत भरायचा, मग पुढे न्यायचा. यूयूएनकोड हेच करतं. तीन बाइट म्हणजे चोवीस बिट घेतं आणि त्यांचे सहा-सहा बिटांचे चार वाटे करतं. प्रत्येक वाटा शून्य ते त्रेसष्टमधला एक आकडा. त्यात ३२ मिळवले की छापता येणाऱ्या चिन्हाचा क्रमांक तयार. तीनाचे चार होतात, माल फुगतो, पण एक दाणाही सांडत नाही.

३२च का? माझा जीव अडकला तो इथे. रूढ उत्तर असं, की नुसती बेरीज केली की तक्ता लागत नाही. हे मला पुरेसं वाटत नाही. बेरीज ३३चीही करता आली असती. ३२ मिळवल्यानं शून्याचं चिन्ह होतं कोरी जागा, आणि ओळीच्या शेवटची कोरी जागा तर टपालाची यंत्रं सर्रास छाटून टाकत. मोकळ्या मनानं निवड करणारा माणूस हा खड्डा टाळेल. म्हणून माझं मत असं, की हा आकडा वारशानं आला. डेक कंपनीच्या यंत्रांवर ‘सिक्सबिट’ नावाची जुनी अक्षरसारणी होती. तिच्यात कोरी जागा शून्यावर, आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक नेहमीच्या क्रमांकातून ३२ वजा केलेला. चौसष्ट चिन्हं तीच, क्रमही तोच. बर्कलीतलं व्हॅक्स यंत्र डेकचंच होतं.

विरुद्ध बाजू म्हणेल, ३३पासून मोजलं तर शेवटचं चिन्ह ९६वर जातं, आणि फक्त मोठी अक्षरं छापणाऱ्या टेलिटाइपकडे ते नव्हतं. कबूल. पण ती टेलिटाइपची चौकट आणि सिक्सबिट एकाच घरातली भावंडं. पुरावा वारशाकडेच झुकतो. पुढे कोरी जागा काढून तिथे नेमकं ९६वं चिन्ह, उलटा स्वल्पविराम, बसवलं गेलं. ९६तून ३२ गेले, ६४ उरले. सहा बिटांत ६४ म्हणजे पुन्हा शून्य. उलगडणाऱ्या प्रोग्रामला कळलंही नाही.

मराठीचं काय? मुंबईत एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाला ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९१ची भारतीय प्रमाण सारणी ‘इस्की’ आठ बिटांची, आणि देवनागरी तिच्या वरच्या अर्ध्यात. तिथे ‘म’चा क्रमांक २०४. आठवा बिट म्हणजे १२८. तो गळाला की उरतात ७६, म्हणजे रोमन एल. ‘त’चा बी होतो. टपालाच्या लेखी आपली भाषा मजकूर नव्हतीच. चित्रासारखी तीही बांधूनच पाठवावी लागे.

१९९२मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी ‘माइम’ हे ई-मेलचं मानक आणलं. त्यातल्या बेस६४नं वाटे तेच ठेवले. फक्त वाटेत बिघडणारी चिन्हं काढून अक्षरं, आकडे, अधिक आणि तिरकी रेघ घेतली. माझ्या कागदावरचे कपडे हेच. ही वर्णमाला १९८७च्या सुरक्षित टपालाच्या मसुद्यातून आलेली. त्याच १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी अक्षरं बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ पद्धत रचली, आणि तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांचं झालं. यूयूएनकोडचा आणि बेस६४चा घासही तीन बाइटांचाच. म्हणून मध्ये कोरी जागा आली नाही, तर मराठीचं एकेक चिन्ह एकेका चौकडीत अख्खं बसतं, शेजाऱ्यात मिसळत नाही. पहिले दोन बाइट जवळपास सारखेच, म्हणून चार-के-एस पुन्हा पुन्हा येतं. दुसरी वेलांटी, उकार किंवा मात्रा आली की एसचा डब्ल्यू होतो.

आता ‘म’ दोन्ही घरांत नेऊन पाहा. यूयूएनकोडमध्ये तो एक्स, तारा, दोन, एन असा दिसतो. बेस६४मध्ये चार, के, एस, लहान यू. वरून काही म्हणजे काही साम्य नाही. पण कपडे उतरवले की दोन्हीकडे आकडे तेच : ५६, १०, १८, ४६. नातं सिद्ध करायला मला याहून मोठा दाखला नको.

तो कागद मी ठेवून दिला आहे. प्रत्येक चौकडीखाली पेन्सिलीनं तिचं मराठी अक्षर लिहिलंय. दुकानातल्या त्या मुलाला तो दाखवला, तर त्यानं पहिल्या पाच चौकड्यांवर बोट ठेवत गावाचं नाव मोठ्यानं वाचलं.