पायदानांचा हिशेब आणि गाण्यांचे आयुष्य

नभोवाणीवर गाजणारे गाणे पुढच्या पिढीला आठवेल काय, हा प्रश्न खाजगी एफएम वाहिन्यांच्या काळात जन्मलेला नाही. स्वतंत्र भारतात तो १९५२ मध्येच उभा राहिला आणि तेव्हा त्याला दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली: एक सरकारचे, दुसरे बाजाराचे. सत्तर वर्षांनी मागे वळून पाहता दोन्ही उत्तरे अपुरी होती असेच म्हणावे लागते.

सरकारचे उत्तर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी दिले. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याची धुरा वाहणाऱ्या या शास्त्रीय संगीताच्या कट्टर पुरस्कर्त्याला चित्रपटगीत उथळ, पाश्चात्त्य वाद्यमेळाने बिघडलेले आणि म्हणूनच अल्पजीवी वाटत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण त्यांनी कमी केले आणि गीतासोबत चित्रपटाचे नाव उच्चारणे ही फुकटची जाहिरात होय, या कारणास्तव त्यालाही मनाई केली. निर्मात्यांनी चिडून प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले आणि देशाच्या अधिकृत नभोवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ हद्दपार झाले.

ही पोकळी सिलोनने भरली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोजवळ उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनकडे आले होते. लघुलहरींवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचणाऱ्या कमी लांबीच्या रेडिओलहरींवरून, त्या केंद्राचा हिंदी कार्यक्रम भारतभर ऐकू येई. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक होता एक टूथपेस्ट आणि निवेदक होते अमीन सयानी. आरंभी तिचे स्वरूप स्पर्धेचे होते: सात गाणी वाजवली जात आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पत्र पाठवायचे असे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आल्याचे सयानी सांगत. लवकरच स्पर्धा मागे पडली आणि लोकप्रियतेच्या उतरंडीतील प्रत्येक स्थानाला ‘पायदान’ म्हणणारी ती प्रसिद्ध क्रमवारी अवतरली. क्रम ठरवण्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचे आकडे आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मते जमवली जात, तर ठरावीक आठवडे टिकून राहिलेल्या गीताला ‘सरताज’ ही पदवी देऊन क्रमवारीतून सन्मानाने निवृत्त केले जाई.

या क्रमवारीच्या वार्षिक याद्या आज वाचताना लोकप्रियतेच्या मोजदादीची मर्यादा स्पष्ट होते. १९५७ हे ‘प्यासा’, ‘नया दौर’ आणि ‘मदर इंडिया’ यांचे वर्ष. परंतु त्या वर्षीचे अग्रस्थान एस. एन. त्रिपाठी यांनी संगीत दिलेल्या ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक वळणाच्या चित्रपटातील गीताला मिळाले. गीत गोड आहे यात शंका नाही, तरी चित्रपटाचे नाव आज जाणकारांखेरीज फारसे कोणाला आठवत नाही. १९६५ चे अग्रस्थान ‘सहेली’तील मुकेश यांच्या गीताकडे गेले, आणि त्याच वर्षीच्या ‘वक्त’मधील प्रौढ पतीने पत्नीला उद्देशून गायलेली मन्ना डे यांची कव्वाली मात्र लग्नाच्या वाढदिवसांच्या समारंभांतून अजून ऐकू येते. उलट बाजूचा दाखला १९६६ चा आहे. ‘सूरज’मधील ‘बहारों फूल बरसाओ’ हे गीत त्या वर्षी पहिले आले आणि टिकलेही; परंतु ते टिकवले वरातीपुढे वाजणाऱ्या बँडने, पायदानाने नव्हे.

केसकरांच्या धोरणाने दुसरेही एक फळ दिले आणि ते मराठीच्या पदरात पडले. चित्रपटगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला, म्हणजे रागदारीचा आधार असूनही शब्दांना प्राधान्य देणाऱ्या छोट्या गीतरचनेला, आश्रय दिला. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींत, दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाली आणि त्यांना माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे अनेक कंठ लाभले. पुढे फडके यांनी ती सारी गीते एकट्याने गाऊन रंगमंचावर आणली, गीतांचे पुस्तक निघाले, अन्य भारतीय भाषांत अनुवाद झाले. मुंबई केंद्राच्या ‘शुक्रतारा’ या पाडगावकर-खळे यांच्या भावगीताची वाटही अशीच आहे; अरुण दाते यांनी त्याच नावाचा कार्यक्रम दीर्घकाळ गावोगाव नेला. ज्या गीतांना असा दुसरा रंगमंच लाभला नाही ती, मग त्यांची गुणवत्ता कितीही असो, बव्हंशी प्रसारणाबरोबरच विरून गेली.

केसकर गुणवत्तेवर विसंबले, गीतमाला संख्येवर. परंतु गाणे टिकते ते नभोवाणीबाहेर त्याला काही काम मिळाले तर, हे दोघांच्याही हिशेबात नव्हते. खुद्द आकाशवाणीलाही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून चित्रपटगीताला पुन्हा जवळ करावे लागले.

२००१ पासून आलेल्या खाजगी एफएम वाहिन्या मोजकी नवी गाणी दिवसातून अनेकदा वाजवतात. या पुनरावृत्तीने ओळख निर्माण होते, आयुष्य वाढते असे नाही. संगणकावर रचलेल्या तालामुळे आजचे गाणे मरणार हा आक्षेपही केसकरांच्या वाद्यमेळाविषयीच्या आक्षेपाइतकाच कच्चा आहे. अजय-अतुल यांची दोन गाणी या बाबतीत तपासण्यासारखी आहेत. २०१६ च्या ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ला वरातीने आणि मिरवणुकीने उचलले आहे, तरी त्याविषयी निकाल देणे घाईचे ठरेल. २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मधील शाहीर साबळे यांच्या आवाजातील ‘मल्हारवारी’ मात्र वीस वर्षे उलटल्यावरही खंडोबाच्या जागरण-गोंधळात आणि लग्नघरांत वाजते आहे, आणि चित्रपट न पाहिलेली मुलेही त्यावर ठेका धरतात. एफएमच्या काळातील हे गीत टिकले आहे, असे आता निःशंकपणे म्हणता येते.