माती आणि गादी : कुस्तीच्या शिक्षणातील एक स्थित्यंतर

महाराष्ट्रातील कुस्तीच्या पारंपरिक आणि आधुनिक शिक्षणपद्धतींमधला भेद सामान्यतः तालमीतील माती आणि रबरी गादी यांच्यातील भेद म्हणून सांगितला जातो. परंतु त्याचे मूळ कुस्तीचा निकाल कसा लावायचा, या प्रश्नात अधिक खोलवर सापडते. मातीवरची कुस्ती परंपरेने ‘निकाली’ असे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागून तो चीत होईपर्यंत ती चाले. गादीवरची कुस्ती मात्र ठरावीक मिनिटांत आणि बहुधा गुणांवर संपते. या एका फरकामुळे पैलवानाची मेहनत, त्याचे डाव, त्याचा खुराक आणि त्याला शिकवणाऱ्याची भूमिका हे सारेच बदलत गेले.

तालमीचे केंद्र म्हणजे हौदा, अर्थात तांबड्या मातीने भरलेली कुस्तीची जागा. ही माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मिसळण्याची रीत होती, कारण माती मऊ राहावी आणि खरचटलेल्या अंगाला ती बाधू नये, अशी त्यामागची समजूत होती. पैलवान स्वतःच फावड्याने हौदा उकरीत आणि खांदे, पाठ व मनगटे कमावणाऱ्या या कामाची गणना मेहनतीतच होई. उकरलेल्या मातीत पाय रुततो, हालचाल मंदावते आणि घामाने ओले झालेले अंग मातीमुळे पकडीत येते; त्यामुळे चपळाईपेक्षा पकड, ताकद आणि दीर्घकाळ टिकणारा दम यांना तेथे अधिक मोल होते. शेकडो जोर आणि बैठका यांचा नित्यक्रम याच गरजेतून रुजला, आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नावारूपाला आणलेला मल्लखांबही मुळात पैलवानाची पकड व लवचीकपणा वाढवणारा पूरक व्यायाम होता.

या शिक्षणाचा कणा म्हणजे वस्ताद. तो डावांची व्याख्या सांगत बसत नसे, तर पठ्ठ्याला लढताना पाहून, प्रसंगी स्वतः हौद्यात उतरून, डाव त्याच्या अंगात मुरवीत असे. मैदानात कोणाशी कोणाची जोड लावायची, हेही वजनकाट्यावर न ठरता जाणत्यांच्या नजरेवर ठरे. साहजिकच दूध, तूप आणि बदामाची थंडाई या खुराकाचा हेतू अंग भरावे हाच असे. या व्यवस्थेला राजाश्रयाचे बळ होते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज (कारकीर्द १८९४–१९२२) यांनी पैलवानांना आश्रय दिला आणि त्यांच्याच काळात, १९१२ मध्ये, खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक या त्याच्या रचनेमुळे हजारो प्रेक्षकांना लढत सारखीच दिसू शकते.

या परंपरेची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची गाठ कशी पडली, हे कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. मातीत घडलेल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित गादीवर आणि अपरिचित नियमांनुसार लढावे लागले, तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले; १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून त्याला उलथून टाकणारा ‘ढाक’ हा त्यांचा ख्यातनाम डाव. तालमीतले डाव गादीवर निरुपयोगी नव्हते. ते कोणत्या वेगाने आणि कोणत्या क्षणी टाकायचे, हे मात्र नव्याने शिकावे लागणार होते.

आज फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते आणि दहा गुणांची आघाडी मिळताच लढत तेथेच थांबते. सुरुवातीला बराच वेळ खडाखडी करून प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेणे, त्याला दमवणे आणि मग एकच निर्णायक डाव टाकणे ही मातीवरची नीती येथे महागात पडते, कारण पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, मिळवलेले दोन गुणही अखेरीस विजय देऊ शकतात. म्हणून प्रशिक्षक थोड्या वेळाच्या, पण तीव्र सरावावर भर देतात, लढतींच्या चित्रफिती दाखवून चुका समजावतात. आणि वजनगटाच्या मर्यादेत राहावे लागत असल्याने खुराकाचाही हिशेब ठेवावा लागतो.

तथापि एका पद्धतीने दुसरीला हुसकावून लावले, असे म्हणता येत नाही. १९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात, दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात आणि ही अंतिम लढत गादीवर होते. मातीतला मल्लही त्यामुळे गादीचा सराव टाळू शकत नाही, आणि अनेक तालमींत उकरलेल्या हौद्याच्या शेजारीच आता गादी अंथरलेली असते.