तालीम, महाविद्यालय आणि उपजीविका : कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेतील एक अपुरा दुवा

प्रस्तावना

महाविद्यालयात नावारूपास आलेला खेळाडू पुढे खेळावर उपजीविका करू शकतो काय, हा प्रश्न केवळ क्रीडाशिक्षकाचा नाही. समाज खेळाडूच्या श्रमाला कोणते मोल देतो, याचा तो इतिहास आहे. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या कुस्तीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

राजाश्रयाची व्यवस्था

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. 1894 मध्ये राज्याधिकार हाती आल्यावर त्यांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. 1912 मध्ये खुले झालेले खासबाग मैदान हे त्या धोरणाचे दृश्य स्मारक होय. मल्लाला खुराक, वस्ताद आणि इनामी कुस्ती मिळत असल्याने कुस्ती हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकला. तथापि या व्यवस्थेचे केंद्र तालीम हे होते. महाविद्यालय तिच्या बाहेरच राहिले.

महाविद्यालयातून ऑलिंपिककडे

कराडजवळच्या गोळेश्वर येथील खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. त्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य लाभले होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र संस्थान विलीन झालेले होते. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. राजाश्रयाची जागा अशा रीतीने एका शिक्षकाच्या व्यक्तिगत त्यागाने घेतली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

परतल्यावर कुस्त्या जिंकून मिळविलेल्या पैशातून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. ऑलिंपिक पदकाला आर्थिक मूल्य नव्हते. ते मूल्य लाल मातीच्या मैदानालाच होते. अखेर 1955 मध्ये खाशाबांना पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी पत्करावी लागली. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, 2000 साली मिळाला. याउलट कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे (हिंदकेसरी, 1959) आणि गणपतराव आंदळकर (हिंदकेसरी, 1960) यांना मैदानी कुस्तीने लौकिक व स्थान मिळवून दिले.

तौलनिक विचार

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा दुवा संस्थात्मक स्वरूपात निर्माण झाला. 1936 पासून तेथील व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाने निवड करू लागले. पहिल्याच वर्षी प्रथम निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक खेळाकडे वळलाच नाही. म्हणजे प्रारंभी तेथेही हा व्यवसाय आकर्षक नव्हता. पुढे स्थिती पालटली. चेंडू दोन पायांमधून मागे देऊन डाव सुरू करणारा खेळाडू, म्हणजे ‘सेंटर’, हा प्रेक्षकांच्या नजरेत सहसा भरत नाही. परंतु पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा सेंटर चक बेडनारिक याची 1949 मध्ये सर्वप्रथम निवड झाली आणि तो 1962 पर्यंत फिलाडेल्फियाच्या संघातून खेळला. त्याच सुमारास आपल्याकडे एका प्राचार्यास घर गहाण ठेवावे लागत होते. हा भेद गुणवत्तेचा नव्हे, तर व्यवस्थेचा होता.

निष्कर्ष

प्रो कबड्डी लीग (2014) आणि प्रो रेसलिंग लीग (2015) यांनी आपल्याकडेही बोलीद्वारे खेळाडू घेण्याची पद्धत आणली. परंतु अशा निवडीत संधी थोड्यांनाच मिळते. उरलेल्यांचा आधार पदवी व नोकरी हाच असतो. म्हणून उपस्थितीत सवलत, परीक्षेची पर्यायी तारीख आणि खुराकाची तरतूद या बाबी महाविद्यालयाने कृपा म्हणून नव्हे, तर नियम म्हणून स्वीकारणे आवश्यक आहे. प्राचार्य खर्डेकरांचा त्याग वंदनीय खराच; परंतु विद्यार्थ्याच्या खेळासाठी शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागणे ही त्या काळातील व्यवस्थेची उणीवच होती, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.