जबलपूरला वस्तीला

कॅप्टन विल्यम स्लीमन यांचा 'रामसीआना' हा ग्रंथ १८३६ साली कलकत्त्यात छापला गेला. त्यात ठगांच्या रामसी या सांकेतिक बोलीचा कोश आहे. त्यातल्या 'बनिज' या शब्दाचा मूळ अर्थ व्यापाराचा माल. ठगांच्या तोंडी मात्र बनिज म्हणजे वाटसरू. गळा आवळण्याच्या इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत, आणि तो 'तंबाखू आण' यासारख्या अगदी घरगुती वाक्यात दडलेला असे. कोणत्याही अनुवादकाला धडकी भरावी असा हा कोश आहे, कारण त्यातले बरेच शब्द आपल्या रोजच्या वापरातले आहेत.

आज जबलपूरच्या मध्यवस्तीतले हॉटेल स्वतःची ओळख अंतरांनी करून देते. स्टेशन किती, ग्वारीघाट किती, मदनमहाल किती, भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुआँधार किती. ही यादी वाचून आपण खोली घेतो आणि अनोळखी माणसांच्या गावात दाराला कडी लावून निर्धास्त झोपतो. या निर्धास्तपणाला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा याच शहरात घडला.

१८१७पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. नागपूरहून सिवनी, जबलपूर करत मिर्झापूरला जाणारा रस्ता काशीच्या यात्रेकरूंचा, रजेवर घरी निघालेल्या शिपायांचा आणि सावकारांच्या रोकडीचा. एकटे जाणे धोक्याचे म्हणून लोक सोबत शोधत. ठगांचे खरे हत्यार रुमालापेक्षा ही सोबतच होते. ते दिवस दिवस बरोबर चालत, एकत्र जेवत, ओळख वाढवत. १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्हा स्लीमन यांच्याकडे होता. आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले.

मग जबलपूर ठगविरोधी मोहिमेचे केंद्र बनले. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच आरोपावर जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून अमुक माणसाने केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांसारख्या इतिहासकारांनी या खटल्यांची आणि 'ठग' या ठशाचीही कसून तपासणी केली आहे. माफीचे साक्षीदार सुटले नाहीत. त्यांना आणि त्यांच्या मुलांना जबलपूरच्या 'स्कूल ऑफ इंडस्ट्री'त कामाला लावले गेले. तिथले गालिचे आणि तंबू नावाजले गेले. दौऱ्यावरच्या साहेबाची रात्र सुखाची जावी म्हणून तंबू शिवणारे हात कधीकाळी वाटसरूंच्या मुक्कामावर टपलेले होते.

१८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोहोचली आणि १८७० साली इथेच मुंबईच्या बाजूचा रूळ तिला मिळाला. मुंबई-कलकत्ता प्रवास महिन्यांवरून दिवसांवर आला. साहेबांसाठी डाकबंगला आणि सिव्हिल लाइन्समधली हॉटेले होती; देशी प्रवाशांसाठी पुढे स्टेशनाजवळ राजा गोकुळदास धर्मशाळा उभी राहिली. रेल्वे आली त्याच १८६७ साली सराई कायदाही आला. सराईची नोंदणी सक्तीची झाली, आणि मॅजिस्ट्रेटने मागितल्यास कोण उतरले आहे हे कळवणे सराईवाल्याला भाग पडले. हॉटेलच्या काउंटरवर आपण भरतो त्या 'कोठून आलात, कोठे जाणार' या रकान्यांच्या वंशावळीत हा कायदा येतो.

पण त्याच काळात दुसरीही एक वही उघडली गेली. ठगांवरच्या कायद्यातली कल्पना, की माणूस कृत्यापेक्षा जमातीने गुन्हेगार ठरतो, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पसरली. १९११च्या नव्या कायद्यानंतर ती महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या पालांपर्यंत आली. ज्यांचे जगणेच प्रवास होते, त्यांना गाव सोडायला पास आणि गावात थांबायला हजेरी. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, संशय मात्र उरला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचताना तो पानोपानी भेटतो. पाल पडले की पोलीस आले.

मराठीत 'वस्तीला राहणे' म्हणजे रात्रीपुरते थांबणे. 'वस्ती' म्हणजे कायमचे घर, घरांचा पुंजकाही. इंग्रजीत नेताना एकाच शब्दाचे दोन करावे लागतात. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ज्यांना ठेवले, त्यांच्या त्या वसाहतीला लोक 'सेटलमेंट'च म्हणत राहिले. 'वस्ती' हा शब्द हाताशी असूनही तो तिथे लागला नाही, कारण वस्तीला आलेल्या माणसाला सकाळी उठून जाता येते.