वारं, राब आणि टू-स्ट्रोक : आमच्या ब्लोअरचा हिशोब



मागच्या पोस्टमध्ये खळ्यावरचा फोटो टाकला होता. त्यात पेट्रोलचा ब्लोअर बघून बऱ्याच जणांनी विचारलं, परवडतो का? एका ओळीत उत्तर येत नाही. थोडं मागून सांगावं लागेल.

आमचं शेत बदलापूरच्या पुढं, उल्हास नदीच्या अंगाला. दीड एकर भात, बांधावर आंबा, जांभूळ आणि साग. आमच्या आज्याच्या काळात पाला उडवायचं मशीन असतं असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. पाला ही उडवायची वस्तू नव्हती, ती जमवायची वस्तू होती. उन्हाळ्यात कवळ तोडायची, शेण पसरायचं, वर कवळ आणि पाला, त्यावर माती, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन दाढ भाजायची. मग पहिल्या पावसात तिथं रोप.

या पाल्यावरून ठाणे जिल्ह्यात इंग्रजांशी मोठं भांडण झालेलं आहे. 1878 च्या जंगल कायद्यानंतर झाडं छाटण्यावर बंधनं आली आणि राबाला कवळ मिळेना. ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की सरकारला 1885 साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. जंगलखात्याचं म्हणणं, राब म्हणजे झाडांचा नाश. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर रोप नाही. पुढं व्होएलकर नावाचा शेतीरसायनाचा जाणकार विलायतेतून आला. 1893 च्या अहवालात त्यानंही राबाचा विचार केला, अडाणीपणा म्हणून उडवून लावला नाही. भाजल्यानं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, हे खरंच. नत्र मात्र धुरात जातं, हेही खरं.

आम्ही आता भाजणी जवळजवळ बंद केली. आपल्याच नदीकाठी नेरळला सगुणा बागेत भडसावळ्यांनी गादीवाफ्यावर बिनचिखलणीचं, बिनलावणीचं भात करून दाखवलं. ते सगळं आम्हाला जमलं नाही, पण जाळण्यापेक्षा कुजवायचं एवढं घेतलं. म्हणजे पाला जमवायचा राहिलाच! फक्त आता कवळ तोडायला गडी मिळत नाही, आणि जांभळाखाली झाडू मारायला घरातलं कुणी वाकत नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. झोडणी झाली की भात वारवायला वारा लागतो, आणि तो आपल्या सोयीनं येत नाही. वडील तिवईवर सूप घेऊन तासतास उभे राहायचे. नंतर टेबल फॅन आला, पण 2005 च्या पुढं लोडशेडिंगनं असा छळ मांडला की फॅन असून नसल्यासारखा.

पेट्रोलचा वारा आम्ही आधी पाहिला तो फवारणीत. मालाडच्या अ‍ॅस्पी कंपनीचा पाठीवरचा बोलो पंप जुन्या लोकांना आठवत असेल. छोटं इंजिन पंखा फिरवतं आणि त्या वाऱ्यात औषधाचं धुकं होतं. मी शाळेत असताना तुडतुड्यावर मारायला तसला पंप गावात आला होता, आवाजानं गुरं दावी तोडायला लागली. आजचा ब्लोअर या फवारणी यंत्राचाच भाऊ. औषधाची टाकी काढली की उरतो तो ब्लोअर. अमेरिकेत तो बागा झाडायला इतका पसरला की आवाजापायी कॅलिफोर्नियातल्या काही गावांनी 1970 च्या दशकातच बंदी घातली. आता तर त्या राज्यात 2024 पासून असली नवी पेट्रोल मशिनं विकायलाच मनाई आहे.

आमचा ब्लोअर 2018 च्या दिवाळीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पातून आणला. 26 सीसी, हातात धरायचा, साडेसहा हजार रुपये.

आता इंधन. वर्षाला साधारण 25 तास चालतो, तासाला 600 मिली पितो. म्हणजे 15 लिटर, दर सरासरी शंभर धरला तर दीड हजार. ऑइल लिटरला 40 मिली, त्याचे वर्षाला अडीचशे. सहा वर्षांत साडेदहा हजार झाले. यातलं सगळं पेट्रोल कामी येतं असं समजू नका. टू-स्ट्रोकमध्ये पाव हिश्शाच्या आसपास पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. बजाजची चेतक ज्यांनी चालवली त्यांना तो वास माहीत आहे. पंपावर पेट्रोल भरताना “ऑइल किती?” हा प्रश्न ठरलेला असायचा.

तो प्रश्न आता कुणी विचारत नाही, आणि तिथंच आमचा घात झाला. तिसऱ्या वर्षी पुतण्यानं बाइकसाठी आणलेलं कोरं पेट्रोल ओतलं. दहा मिनिटं झक्कास चालला, मग आवाज चढला आणि जागेवर जाम. पोराचा दोष कसा काढायचा? त्याच्या जन्मापासून घरात फोर-स्ट्रोकच. तरी मी बोललोच, आणि चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.

सिलिंडर-पिस्टनचा किट 2,200, मजुरी 600. अंबरनाथला एक जुने मेकॅनिक भेटले, आयुष्यभर टू-स्ट्रोक रिक्षा उघडलेले. त्यांनी पिस्टन हातात घेऊन उभे ओरखडे दाखवले, म्हणाले, “दादा, हा तहानेनं मेलाय.” दुकानदार तर नवीनच घ्या म्हणत होता.

बाकी खर्च : प्लग चार वेळा 480, ओढायची दोरी तीनदा 450, कार्बोरेटर एकदा साफ 300 आणि एकदा नवा 900, पेट्रोलची नळी नि फिल्टर 200. सगळे मिळून 5,130. मशीनच्या किमतीच्या चार आण्यातले तीन आणे दुरुस्तीतच गेले.

कार्बोरेटरचं नीट ऐका. चेतकमध्ये तरंगता फ्लोट होता, म्हणून स्कूटर आडवी पडली की पेट्रोल सांडायचं. हातातलं मशीन कसंही तिरकं धरावं लागतं, त्यामुळे त्यात फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं. आपल्याकडं चार महिने हवाच ओली. मी दोन पावसाळे टाकीत पेट्रोल ठेवलं आणि दोन्ही वेळा कार्बोरेटर गेला. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि आतलं संपून बंद पडेपर्यंत चालवतो. तेव्हापासून पडदा टिकला आहे.

कामाचं म्हणाल तर भात वारवायला एक नंबर. मात्र पूर्ण रेस दिली तर फोलाबरोबर दाणाही पेंढ्यात जातो. दहा फूट लांब, स्टुलाला बांधून, अर्ध्या रेसवर ठेवायचा, आणि सुपातून एकानं धार सोडायची. क्विंटलला वीसेक मिनिटं लागतात. पाल्याला मात्र वाळलेला असेल तरच. दहिवरानं भिजलेला सागाचा पाला जागचा हलत नाही, तिथं दाताळंच लागतं. कानात कापूस घातल्याशिवाय मी धरत नाही.

एकूण सहा वर्षांत बावीस हजार एकशे तीस. वर्षाला तीन हजार सातशेच्या आत. तेवढ्यात आमच्याकडं गडी किती दिवस येतो ते तुम्हीच बघा, तुमच्या गावाला दर वेगळा असेल. बॅटरीवालं घ्यावं का, असा विषय घरात निघाला आहे. पुतण्याचा आग्रह आहे, त्यात ऑइल टाकायचं नसतं म्हणून. मी पेट्रोलच्या कॅनवर लाल रंगानं “ऑइल घातलेलं” असं लिहून ठेवलं आहे.