घरची चिक्की : सारे गणित पाकातल्या पाण्याचे

मकर संक्रांत जवळ आली की डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तळासरीच्या बाजारांत तीळ, शेंगदाणे आणि गूळ यांची खरेदी वाढते. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या पट्ट्यात एकाच सणाची दोन रूपे दिसतात. मराठी घरांतून तिळगूळ वाटला जातो, तर गुजराती घरांतून उत्तरायणाच्या पतंगांबरोबर 'सिंग'ची म्हणजे शेंगदाण्याची चिक्की खाल्ली जाते. चिक्कीचे घटक मोजून दोन, भाजलेला दाणा आणि कडक पाक. करायला सोपा वाटणारा हा पदार्थ घरी मात्र अनेकदा फसतो. कधी तो दाताला चिकटतो, कधी कडवट लागतो, तर कधी दोन दिवसांतच चिवट होतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ पाकातल्या पाण्यात आहे. ते पुरेसे आटवणे आणि एकदा आटवल्यावर परत शिरू न देणे, एवढे जमले की चिक्की जमली असे समजावे. समुद्रकाठच्या गावांत यातील दुसरा भाग अधिक अवघड असतो.

गुडदाणी ते चिक्की

गूळ भारतात प्राचीन काळापासून होत आला आहे. भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतील. युरोपीय दर्यावर्दी व्यापाराच्या वाटेने तो आशिया आणि आफ्रिकेत पसरला. गूळ आणि दाणे यांच्या या मिश्रणाला पूर्वी गुडदाणी म्हणत. महाराष्ट्रात चिक्की म्हटले की लोणावळ्याचे नाव येते. तेथील चिक्कीची कथा बोरघाटातील रेल्वेमार्गाशी जोडून सांगितली जाते. हा घाटमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. कष्टकऱ्यांना झटपट बळ देणारी गुडदाणी पुढे प्रवाशांचा खाऊ बनली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही शेंगदाण्याची अशीच कडक मिठाई घरोघरी होते. तेथे गुळाऐवजी साखर आणि मक्याचा पाक घेतात, शेवटी लोणी आणि खाण्याचा सोडा घालतात. अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेतील कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका प्रसिद्ध केली होती. कापसाच्या एकाच पिकावर अवलंबून असलेल्या गरीब शेतकऱ्यांनी भुईमूग लावावा आणि घरीही खावा, हा त्यांचा उद्देश होता. आपल्याकडे मक्याच्या पाकाचे काम गूळच करतो. कसे, ते पुढे येईल.

पाकात काय घडते

साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात साखर विरघळली की उकळण्याचे तापमान वाढते आणि पाणी जसजसे आटते तसतसे ते चढत जाते. साखरेचा पाक ११५ अंशांच्या आसपास असताना त्यात सुमारे १५ टक्के पाणी उरलेले असते. या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. लाडवाला हा पाक चालतो, चिक्कीला नाही. १४६ ते १५४ अंशांच्या दरम्यान पाण्याचे प्रमाण जेमतेम एक टक्क्यावर येते. तेव्हा थंड पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा कडक होतो आणि 'कट्' आवाज करून तुटतो. हा चिक्कीचा पाक.

गुळाच्या बाबतीत केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही. गुळात साखरेखेरीज ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि इतर द्रव्ये असतात. त्यामुळे तो साखरेपेक्षा लवकर करपतो. तापमापक असला तरी थंड पाण्यातील चाचणीच अंतिम मानावी. याच ग्लुकोज-फ्रुक्टोजचा एक फायदाही आहे. त्यांच्यामुळे पाकात साखरेचे कण पुन्हा जमत नाहीत आणि चिक्की रवाळ होत नाही. मक्याचा पाक अमेरिकी मिठाईत हेच काम करतो. निव्वळ साखरेची चिक्की करायची असल्यास पाकात लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकावेत.

साहित्य

शेंगदाणे २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, पाणी दोन मोठे चमचे, साजूक तूप दोन लहान चमचे, चिमूटभर मीठ, आवडीप्रमाणे वेलचीपूड. खुसखुशीतपणा हवा असल्यास पाव लहान चमचा खाण्याचा सोडा. किराणा दुकानात 'चिक्कीचा गूळ' असेच मागावे. पोळीसाठीच्या किंवा साध्या गुळाचा पाक तितका ताणला जात नाही.

कृती

शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे सतत हलवत भाजावेत. घाईने मोठ्या आचेवर भाजलेला दाणा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. कच्च्या दाण्यातील ओलावा नंतर चिक्कीला मऊ करतो. दाणे पूर्ण गार झाल्यावर हाताने चोळून सुपात पाखडावेत आणि त्यांच्या डाळी करून घ्याव्यात.

पाक करण्याआधीच पोळपाट किंवा स्टीलच्या ताटाची मागची बाजू आणि लाटणे यांना तूप लावून ठेवावे. पाक झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही. गूळ बारीक चिरून पाण्यासह मंद आचेवर विरघळवावा आणि गाळून घ्यावा, कारण गुळात कचरा किंवा वाळूचे कण असू शकतात. गाळलेला गूळ पुन्हा कढईत घेऊन एक चमचा तूप घालावे आणि मध्यम आचेवर हलवत राहावे. आधी मोठे बुडबुडे येतात, नंतर फेस दाट होतो आणि रंग गडद होऊ लागतो. येथून दर अर्ध्या मिनिटाने वाटीतील थंड पाण्यात एक थेंब टाकून पाहावा. थेंब ताणला गेला तर पाक कच्चा आहे. तो तुटला आणि चावल्यावर दाताला चिकटला नाही तर गॅस लगेच बंद करावा.

सोडा घालायचा असल्यास तो याच क्षणी घालावा. गुळातील आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, पाक फुगतो आणि त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. चिक्की दाताखाली सहज मोडते ती या पोकळ्यांमुळे. लगेच दाणे, मीठ आणि वेलची घालून मिश्रण एकजीव करावे, ताटावर ओतावे आणि लाटून पातळ करावे. मिनिटभरात सुरीने वड्यांच्या रेघा ओढाव्यात. गार झाल्यावर वड्या रेघेवर आपोआप सुटतात.

तिळाची चिक्की याच रीतीने होते. तीळ मात्र तडतडू लागताच उतरवावेत. ते दाण्यांपेक्षा फार लवकर जळतात.

पाक हाताळताना

दीडशे अंशांच्या आसपासचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. तो त्वचेला चिकटतो आणि भाजतच राहतो. या वेळी लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे आणि पाकाची चव बोटाने घेऊ नये. पाक अंगावर पडल्यास तो ओढून काढू नये. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजलेली जागा मोठी असेल किंवा फोड आले असतील तर डॉक्टरांकडे जावे.

बिघडलेल्या चिक्कीचे काय?

चिक्की दाताला चिकटत असेल तर पाक कच्चा राहिला आहे. कडवट लागत असेल तर पाक किंवा दाणा करपला आहे. तुकडे होऊन भुगा पडत असेल तर पाक कमी पडला किंवा दाणे घालण्यास उशीर झाला. करपलेल्या चिक्कीवर उपाय नाही. चिवट किंवा भुसभुशीत झालेली चिक्की मात्र वाया जात नाही. ती कुटून थोड्या तुपात लाडू वळावेत.

किनाऱ्याची हवा

गार झालेला कडक पाक शास्त्रीय अर्थाने काचच असतो. हवेतील ओलावा मिळाला की ही काच पुन्हा चिकट होते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ओलावा वेगाने ओढतात. त्यामुळे रवाळपणा टाळणारा गूळच दमट हवेत चिक्कीचा शत्रू ठरतो. डहाणू, चिंचणी आणि बोर्डीच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या ताटलीतील चिक्की काही तासांतच ओलसर लागू लागते. तळासरीचा बहुतेक भाग समुद्रापासून आत आहे, पण पावसाळ्यात तेथेही फारसा फरक उरत नाही. जानेवारीच्या कोरड्या थंडीत हा पदार्थ करण्याची प्रथा या दृष्टीनेही सोयीची आहे.

चिक्की गार होताच, पण रात्रभर उघडी न ठेवता, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. थरांमध्ये बटर पेपर घालावा. वड्या कोमट असताना डबा लावल्यास आत वाफ धरते. मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे वापरावेत, म्हणजे सारी चिक्की वारंवार हवेत येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढून लगेच उघडल्यास वड्यांवर दव जमते.

चिकू, मोह आणि खुरासणी

घोलवडमध्ये १८९८ साली चिकूची लागवड सुरू झाली. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच सुकवलेला चिकू चिक्कीत घालण्याचा मोह होतो. मात्र कुरकुरीत नसलेली, लवचिक फोड ओली समजावी. ती घातलेली चिक्की लवकर मऊ पडते. पूर्ण वाळवून कुरकुरीत झालेल्या चिकूचा चुरा थोड्या प्रमाणात, दाण्यांबरोबर अगदी शेवटी घालावा. ओल्या नारळाचेही तसेच. चिक्कीला सुके खोबरेच घ्यावे आणि तेही किसून भाजलेले.

आदिवासी भागात मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवलेली मोहाची फुले मुळातच गोड असतात आणि ओलावा धरतात. त्यांचा खरा उपयोग दाणे, तीळ यांच्याबरोबरच्या लाडवांत होतो. डोंगराळ भागात चटणीसाठी पिकवली जाणारी काळी खुरासणी मात्र कोरडी आणि तेलकट असते. भाजून तिळात मूठभर मिसळल्यास ती चिक्कीत सामावते.

दाणा निवडणे महत्त्वाचे

ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढू शकते. तिच्यापासून तयार होणारे अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे किंवा कडू दाणे भाजण्याआधीच निवडून फेकावेत. जनावरांनाही घालू नयेत. गुळाच्या गोडीत कडू दाण्याची चव लपते, म्हणून ही निवड अधिकच काटेकोर हवी.

मुलांचा खाऊ

१०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असून त्यापासून सुमारे ५७० कॅलरी ऊर्जा मिळते. कुपोषणाशी झगडणाऱ्या पालघरसारख्या जिल्ह्यात हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेच्या चौरस आहारात शेंगदाण्याच्या लाडवाचा समावेश करण्यात आला तो यामुळेच. तथापि वरील प्रमाणाने केलेल्या चिक्कीत चाळीस टक्क्यांहून अधिक गूळ असतो. ती जेवणाला पर्याय नव्हे आणि औषधही नव्हे. खाल्ल्यावर चूळ भरणे दातांसाठी आवश्यक आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या घशात दाण्याचा तुकडा अडकण्याचा धोका असल्याने त्यांना चिक्कीऐवजी बारीक कुटाचा मऊ लाडू द्यावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती पूर्ण टाळावी.

घरातून विक्रीकडे

महिला बचत गटांसाठी चिक्की हा कमी भांडवलाचा व्यवसाय ठरू शकतो. कढई, पोळपाट आणि तराजू एवढ्यावर सुरुवात होते. विक्रीसाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली नोंदणी करावी लागते, मग उत्पादन कितीही लहान असो. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, खाण्याची मुदत आणि शेंगदाण्यासारख्या अ‍ॅलर्जीकारक घटकाचा उल्लेख आवश्यक असतो. साध्या पातळ पिशवीऐवजी जाड, उष्णतेने सील होणारे वेष्टन वापरावे. मुदत छापण्याआधी काही पाकिटे घरातच ठेवून, दर आठवड्याला एक उघडून पाहावे. हा प्रयोग पावसाळ्यातही करावा. जानेवारीत महिनाभर कुरकुरीत राहिलेली चिक्की जुलैत तशीच राहील असे नाही आणि परत आलेल्या मऊ पाकिटाचा तोटा ती करणाऱ्या महिलांनाच सोसावा लागतो.

पहिल्यांदा चिक्की करणाऱ्याने १०० ग्रॅम दाणे आणि ८० ग्रॅम गूळ एवढ्यावरच हात बसवावा. पाक ओळखता येऊ लागला की प्रमाण वाढवणे अवघड नाही.