वायूचा ध्वनी ऐकणारा लेसर

१) ऑक्टोबर १९७३. जमिनीपासून २८ किलोमीटर उंचीवर, बलूनला टांगलेला लेसर पहाटेच्या अंधारात नायट्रिक ऑक्साइड शोधत होता. स्वनातीत विमानांच्या धुरातील हाच वायू ओझोनचे कवच झिजवील, अशी तेव्हा भीती होती.

२) तत्त्व जुनेच. खंडित प्रकाश शोषणारा पदार्थ ध्वनी निर्माण करतो, हे ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये दाखवले होते. लेसरमुळे अत्यल्प वायूचाही ध्वनी मायक्रोफोन टिपू लागला.

३) प्रयोगाचे सूत्रधार होते बेल प्रयोगशाळेतील, बारामतीत जन्मलेले कुमार पटेल. सूर्योदयापूर्वी वायूचा मागमूस लागला नाही. ऊन नायट्रोजन डायऑक्साइडचे विघटन करू लागले, तसा तो दुपारपर्यंत वाढत गेला. ओझोनच्या वादाला प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मिळाला.